सत्तावीस यार्डांचा वाद

अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातील ग्लेंडेल येथे ३१ डिसेंबर २०२४ रोजी बॉइसी स्टेट विद्यापीठाचा अ‍ॅश्टन जेन्टी हा तरुण हंगामातील आपला चौदावा सामना खेळावयास उतरला, तेव्हा त्याच्या खात्यावर २,४९७ यार्ड जमा होते. आणखी १३२ यार्ड तो धावता, तर बॅरी सँडर्सने १९८८ साली केलेला २,६२८ यार्डांचा उच्चांक मोडला असता. पेन स्टेटच्या गड्यांनी तीस धावांत त्याला १०४ यार्डांपलीकडे जाऊ दिले नाही. हंगामाची बेरीज २,६०१ झाली. सत्तावीस यार्ड उणे पडले, आणि अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वश्रेष्ठ रनिंग बॅक कोण, या जुन्या वादात नवे तेल पडले.

या वादात पडण्याचे आम्हांस काय प्रयोजन, असे कोणी विचारील. मराठी घरांतील मुलेमुली आता तेथील विद्यापीठांत शिकावयास जातात, शरद ऋतूतील शनिवारी माणसांनी ओसंडणारी क्रीडांगणे पाहतात, व सुट्टीत घरी आली म्हणजे जेवणाच्या पानावर हाच विषय काढतात, हे एक कारण. दुसरे व खरे कारण असे की, ज्या पद्धतीने तेथे या वादाचा निवाडा केला जातो, ती पद्धत आम्हांस उघड अन्यायाची वाटते. आणि अन्याय सातासमुद्रांपलीकडचा असला म्हणून तो बोलून दाखविण्यास कोणाचा परवाना लागतो असे आम्ही मानीत नाही.

ज्या वाचकांस हा खेळ परिचित नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. आपल्याकडे फुटबॉल म्हणतात तो हा खेळ नव्हे. येथे चेंडू हातात घेऊन पळावयाचे असते. अकरा गड्यांच्या संघास चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. ते साधले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. शंभर यार्डांचे मैदान असे तुकड्यातुकड्यांनी कापून शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की टचडाउन होते. क्वार्टरबॅक चेंडू ज्याच्या पोटाशी देतो आणि जो तो छातीशी कवटाळून समोरच्या गर्दीत शिरतो, तो रनिंग बॅक. आपल्या कबड्डीतील चढाई करणाऱ्याची येथे आठवण होईल. परंतु चढाई करणारा एकटा जातो, रनिंग बॅकच्या पुढे मात्र पाच धिप्पाड गडी शत्रूची फळी फोडून वाट करून देत असतात. ही वाट करून देणाऱ्यांच्या नावावर कोठेही एक यार्डसुद्धा लिहिला जात नाही. सँडर्सच्या ओक्लाहोमा स्टेट संघातील त्या फळीस ‘वॉर पिग्ज’, म्हणजे आपल्या भाषेत रणवराह, असे कौतुकाने म्हणत. कौतुक झाले; जमाखर्चात नाव नाही ते नाहीच.

या वादातले पक्ष मुख्यतः दोन. एक पक्ष बेरीजवाद्यांचा. ज्याचे यार्ड अधिक तो श्रेष्ठ, इतके यांचे शास्त्र सोपे आहे. दुसरा पक्ष पदकवाद्यांचा. १९३५ पासून दरसाल त्या वर्षाच्या उत्कृष्ट महाविद्यालयीन खेळाडूस हाइझमन ट्रॉफी दिली जाते. ती ज्याला मिळाली तो थोर, दोनदा मिळाली तो दुप्पट थोर, असे यांचे म्हणणे. दोन्ही पक्षांशी आमचे भांडण आहे. परंतु पहिल्याशी अधिक, कारण तो आपल्या मतास गणित म्हणवितो.

हे गणित कसे आहे ते पाहा. नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथ्लेटिक असोसिएशन ही तेथील नियामक संस्था. तिच्या अधिकृत आकड्यांची वही १९३७ पासून सुरू होते. त्यापूर्वी जे धावले ते धावलेच नाहीत, असा जणू तिचा दाखला आहे! १८ ऑक्टोबर १९२४ रोजी इलिनॉय विद्यापीठाच्या नव्या क्रीडांगणाचा समर्पण-सामना मिशिगनशी झाला, त्यात रेड ग्रेंज याने पहिलाच चेंडू झेलून ९५ यार्ड नेला व पहिल्या बारा मिनिटांत चार टचडाउन केले. ही गोष्ट तेथे आजही सांगतात. पण बेरजेत ग्रेंज नाही. बरे, जुने कागद विश्वसनीय नाहीत म्हणून १९३७ ची रेघ ओढली, हे आम्ही एक वेळ मान्य करू. परंतु याच वहीत दुसरी एक रेघ आहे, आणि तिला कोणतेच समर्थन नाही. हंगाम संपल्यावर, बहुधा नाताळाच्या व नववर्षाच्या सुमारास, निवडक संघांचे जे ‘बाउल’ सामने होतात, त्यांतील यार्ड २००२ पूर्वी खेळाडूच्या खात्यावर धरले जात नसत. २००२ पासून ते धरले जाऊ लागले. नियम बदलला हे चांगले झाले. पण मागचे हिशेब तसेच ठेवले. म्हणजे २००२ च्या हंगामापासून अलीकडचा रुपया सोळा आण्यांचा आणि पलीकडचा बारा आण्यांचा, अशा दोन नाण्यांची एकच बेरीज करून सावकार कोण मोठा हे ठरविण्याचा हा प्रकार.

सँडर्सचे उदाहरण घ्या. १९८८ च्या हंगामात तो अकरा सामने खेळला. त्यांत चार वेळा त्याने एकाच सामन्यात तीनशे यार्डांची मर्यादा ओलांडली. शेवटचा सामना टेक्सस टेकशी, तोही जपानात टोकियो येथे झाला, आणि तेथे तो ३३२ यार्ड धावला. हे ३३२ यार्ड मोजले. त्यानंतर त्याच महिन्यात सॅन डिएगो येथील हॉलिडे बाउलमध्ये वायोमिंगविरुद्ध तो २२२ यार्ड धावला व त्याने पाच टचडाउन केले. हे २२२ यार्ड मोजले नाहीत. टोकियोतील धाव खरी आणि स्वतःच्या देशातील धाव खोटी! जेन्टीच्या २,६०१ मध्ये मात्र ग्लेंडेलच्या बाउल सामन्याचे १०४ यार्ड निमूटपणे मिळविलेले आहेत. दोघांस एकाच मापाने मोजावयाचे, तर सँडर्सचे यार्ड २,८५० होतात आणि सत्तावीसाचा फरक २४९ वर जातो. शिवाय सँडर्सचे सामने बारा, जेन्टीचे चौदा. सामन्यामागे एकाची सरासरी २३७ यार्डांहून अधिक, दुसऱ्याची १८६ च्या आत. ज्या वादास तेथे ‘केवळ सत्तावीस यार्डांचा’ म्हणतात, तो वस्तुतः सामन्यागणिक पन्नास यार्डांचा आहे.

याहून विनोदी प्रकार रॉन डेनचा. विस्कॉन्सिनचा हा भारदस्त गडी १९९६ ते १९९९ या चार वर्षांत बाउल सामने धरून ७,१२५ यार्ड धावला. अधिकृत वहीत त्याचे यार्ड ६,३९७ लागले आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये सॅन डिएगो स्टेटचा डॉनेल पम्फ्री आपला शेवटचा सामना खेळून ६,४०५ वर पोहोचला आणि आठ यार्डांनी तो ‘सर्वकालीन’ प्रथम ठरला. त्याच्या बेरजेत त्याचे सर्व बाउल सामने धरलेले आहेत, ज्या सामन्यात त्याने डेनला मागे टाकले तोही बाउल सामनाच होता. पम्फ्रीचा यात काडीचा दोष नाही; तो चपळ होता, चिवट होता, आणि नियम त्याने केलेला नव्हता. परंतु ७२८ यार्ड एकाच्या खात्यातून वगळून दुसऱ्यास आठ यार्डांनी विजयी घोषित करावयाचे, याला आमच्या गावच्या वाण्याचीसुद्धा मान डोलणार नाही.

यावर असोसिएशनचे कैवारी सांगतात की, जुन्या काळी बाउल सामने हे केवळ प्रदर्शनाचे, मौजेचे सामने समजले जात. म्हणून ते धरले नाहीत. हे उत्तर फार दिवस खपले. ते कसे फोल आहे हे दाखविण्यास एकच सामना पुरे, आणि तो म्हणजे १ जानेवारी १९८१ रोजी न्यू ऑर्लीन्स येथे झालेला शुगर बाउल.

जॉर्जिया विद्यापीठाचा संघ एकही सामना न हरता तेथवर आला होता. समोर नोत्र दाम. जॉर्जियाचा रनिंग बॅक हर्शेल वॉकर हा अवघा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी. सामन्याच्या आरंभीच त्याचा खांदा निखळला. तो पुन्हा मैदानात आला आणि धावत राहिला. त्या दिवशी जॉर्जियाच्या क्वार्टरबॅकने फेकलेल्या बारा चेंडूंपैकी एकच आपल्या माणसाच्या हाती लागला. वॉकर दीडशे यार्ड धावला, दोन टचडाउन केले, आणि जॉर्जिया १७ विरुद्ध १० अशी जिंकली. आता पुढील आकडा वाचकांनी सावकाश वाचावा: त्या सामन्यात संपूर्ण जॉर्जिया संघाची आगेकूच मिळून १२७ यार्डांची होती. एकट्या वॉकरचे दीडशे, आणि सगळ्या संघाचे, वॉकरसह, एकशे सत्तावीस. कारण बाकीच्यांनी मिळविले त्याहून गमावले अधिक. एका गड्याने साऱ्या संघाहून अधिक चाल केली असे मोठ्या सामन्यात दुसऱ्या कोणाविषयी सांगता येईल, असे आम्हांस वाटत नाही.

या विजयावर जॉर्जिया त्या वर्षीचा राष्ट्रीय विजेता ठरला. म्हणजे विजेता ठरविताना हा सामना खरा, आणि वॉकरची कर्तबगारी लिहिताना हाच सामना प्रदर्शनाचा! त्याच्या तीन वर्षांच्या अधिकृत ५,२५९ यार्डांत हे दीडशे यार्ड नाहीत. महाविद्यालयीन फुटबॉलच्या इतिहासातील बहुधा सर्वांत मोलाचे दीडशे यार्ड, आणि वहीत त्यांची किंमत शून्य. बेरीजवाद्यांनी आधी याचे उत्तर द्यावे, मग आम्हांस गणित शिकवावे.

आता पदकवाद्यांकडे वळू. त्यांचे उत्तर त्यांच्याच इतिहासात आहे. १९५६ साली सिराक्यूजचा जिम ब्राउन आठ सामन्यांत ९८६ यार्ड धावला. कोलगेटविरुद्ध त्याने सहा टचडाउन व सात जादा गुण असे एकट्याने ४३ गुण केले. ते दिवस असे की, गड्याला चढाई व बचाव दोन्ही करावे लागत, कारण बदली खेळाडूंवर कडक निर्बंध होते. ब्राउन धावे, अडवी आणि चेंडूस लाथही मारी. हाइझमनच्या मतदानात तो पाचवा आला. ट्रॉफी नोत्र दामच्या पॉल हॉर्नंगला मिळाली. त्याचा संघ त्या वर्षी दोन सामने जिंकला व आठ हरला, आणि हॉर्नंगच्या फेकींतून टचडाउन झाले तीन, तर चेंडू शत्रूच्या हाती गेले तेरा वेळा. हॉर्नंगही अष्टपैलू होता, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि ब्राउन काळा होता, आणि त्या दिवसापर्यंत एकाही काळ्या खेळाडूस ही ट्रॉफी मिळालेली नव्हती, हेही कोणी नाकारू नये. ती पाच वर्षांनी, १९६१ साली, ब्राउनच्याच विद्यापीठाच्या एर्नी डेव्हिसला मिळाली. बिचारा डेव्हिस रक्ताच्या कर्करोगाने १९६३ मध्ये गेला.

ओहायो स्टेटच्या आर्ची ग्रिफिनने १९७४ व १९७५ अशी दोनदा ट्रॉफी घेतली. हे इतर कोणास साधलेले नाही. एकतीस सामने सलग शंभर यार्डांच्या वर धावणारा हा गडी खराच मोठा. परंतु दुसऱ्या वर्षी तो पहिल्याहून कमी धावला, त्या वर्षी सर्वाधिक धावणारा दुसराच होता, आणि तरी ट्रॉफी त्यालाच. उलटपक्षी आयोवा स्टेटचा ट्रॉय डेव्हिस पाहा. १९९५ साली २,०१० आणि १९९६ साली २,१८५: वरच्या वर्गात दोन हंगामांत दोन हजारांवर जाणारा हा एकमेव. त्याच्या संघाने पहिल्या वर्षी अकरांपैकी तीन सामने जिंकले, दुसऱ्या वर्षी दोन. चेंडू कोणाकडे जाणार हे प्रेक्षकांतल्या पोरालाही ठाऊक असता, दुबळ्या फळीमागून असे धावणे म्हणजे काय, याची कल्पना करावी. ट्रॉफीच्या मतदानात तो पहिल्या वर्षी पाचवा, दुसऱ्या वर्षी दुसरा. आणि रेजी बुशची ट्रॉफी? २००५ सालची, २०१० मध्ये परत गेली, २०२४ मध्ये परत आली. मधल्या चौदा वर्षांत त्याच्या धावा तसूभरही लांब-आखूड झाल्या नाहीत.

येथे एक गोष्ट या दोन्ही पक्षांच्या यादीत मुळीच दिसत नाही, ती सांगणे अवश्य आहे. दक्षिणेतील सर्वांत बलाढ्य संघांच्या ‘साउथईस्टर्न कॉन्फरन्स’ या मंडळात पहिला काळा फुटबॉल खेळाडू १९६७ साली मैदानात उतरला. त्यापूर्वीच्या कोणत्याही ‘सर्वश्रेष्ठ’ याद्या या अर्ध्या देशास दार बंद करून केलेल्या आहेत. ज्यांना दार बंद होते ते गेले काळ्यांच्या स्वतंत्र महाविद्यालयांकडे, आणि दारे किलकिली झाल्यावरही काही दिवस ही वाट चालूच राहिली. मिसिसिपीचा वॉल्टर पेटन जॅक्सन स्टेटसाठी १९७१ ते १९७४ खेळला. त्याचे नाव लहान महाविद्यालयांच्या वेगळ्या वहीत पडले, आणि मोठ्यांच्या वादात ते क्वचितच निघते. पुढे धंदेवाईक फुटबॉलमधून निवृत्त होताना सर्वाधिक यार्डांचा उच्चांक त्याच्याच नावावर होता! वॉकरचा जन्म १९६२ चा. त्याच्या जन्माच्या अवघ्या एक वर्ष आधी, जानेवारी १९६१ मध्ये, जॉर्जिया विद्यापीठाने पहिल्या दोन काळ्या विद्यार्थ्यांस प्रवेश दिला होता. वीस वर्षे आधी जन्मता, तर ज्या विद्यापीठास त्याने विजेतेपद मिळवून दिले, त्याच्या वर्गातही तो बसू शकला नसता.

आमच्यावर उलट आक्षेप येईल, तो आम्हीच मांडतो. सामन्यामागे सरासरी काढून तुम्ही जेन्टीस कमी लेखता. पण तो पुष्कळदा एकतर्फी सामन्यात उत्तरार्धी बसून राही, आणि त्याच्या यार्डांपैकी अर्ध्याहून पुष्कळ अधिक यार्ड शत्रूचा पहिला धक्का खाल्ल्यावर मिळविलेले होते, त्याचे काय? हा आक्षेप खरा आहे, आणि त्याने जेन्टीविषयी आमचा आदर वाढतो. मेल्विन गॉर्डनने १५ नोव्हेंबर २०१४ रोजी नेब्रास्काविरुद्ध सामन्याच्या तीन चतुर्थांशांतच ४०८ यार्ड केले व सामना हाती आल्यामुळे तो उरलेला वेळ बाहेर बसला. आठवड्याच्या आत ओक्लाहोमाच्या समाजे पेराइनने ४२७ करून तो उच्चांक मोडला. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यास भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नाबाद असता काठेवाडच्या संघाने सामना सोडून दिला व ब्रॅडमनचे ४५२ नऊ धावा दूर राहिले, हे ज्यांच्या घरात अजून हळहळून सांगितले जाते, त्यांना गॉर्डनचे दुःख वेगळे समजावून सांगावयास नको. परंतु या सर्वांतून निष्पन्न होते ते आमचेच म्हणणे: बेरीज ही गड्याची उंची दाखवीत नाही. जो आक्षेप सँडर्सविरुद्ध जेन्टीच्या बाजूने काढला जातो, तोच मुळी बेरजेच्या मुळावर घाव घालतो.

मग तुमचा निवाडा काय, असे वाचक विचारतील, व तो टाळण्याचा आमचा इरादा नाही. एक हंगाम घ्यावयाचा तर सँडर्सचा १९८८ चा, आणि त्याच्या आसपास कोणी नाही. हा तोच सँडर्स, जो त्यापूर्वी दोन वर्षे थर्मन टॉमसच्या मागे दुसऱ्या क्रमांकावर बसला होता. पण रनिंग बॅक म्हणून महाविद्यालयातील समग्र कारकीर्द घ्यावयाची, तर आमचे मत वॉकरला. ब्राउनचे नाव पुढे आले म्हणजे आमचे मन अडखळते, हे कबूल करतो. परंतु त्याचा एकच हंगाम पूर्ण बहरात दिसला. वॉकरने पहिल्या वर्षापासून तीन वर्षे, तेथील सर्वांत कठीण मंडळात, सर्वांचे डोळे आपल्यावर रोखलेले असता संघ वाहिला. त्याची सरासरी दर धावेस ५.३ यार्ड, सँडर्सची त्या हंगामात ७.६, हे आम्हांस ठाऊक आहे; पण १९८१ साली एका हंगामात ३८५ वेळा ज्याच्या हाती चेंडू दिला गेला, त्याच्या धावा मोकळ्या रानातल्या नव्हत्या. चौथे वर्ष तो खेळलाच नाही. पुढे तो राजकारणात पडला, ते कोणास रुचो वा न रुचो, त्याचा या निवाड्याशी संबंध नाही.

असोसिएशनकडे आमची मागणी लहान आहे. जुन्या बाउल सामन्यांचे आकडे हरवलेले नाहीत. ते प्रत्येक सामन्याच्या नोंदीत छापलेले आहेत, आणि डेनचे ७,१२५ तेथील वर्तमानपत्रेही बिनदिक्कत छापतात. एका कारकुनाने काही दिवस बसून ते मुख्य वहीत उतरवावेत. त्यामुळे पम्फ्री खाली येईल, जेन्टीचे अंतर वाढेल, आणि वॉकरच्या खात्यात न्यू ऑर्लीन्सच्या त्या दुपारचे, निखळलेल्या खांद्याने मिळविलेले, दीडशे यार्ड पंचेचाळीस वर्षांच्या उशिराने का होईना, जमा होतील.